तुझं दमानं

दादा,

परवा शाळेचे मास्तर घरी येऊन गेले. म्हणाले, "महादबा, तुमच्या भावाबद्दल चार ओळी लिहून द्या, मासिकाला पाठवतो. जन्म कुठला, शिक्षण किती, बोलपट कोणते, एवढं क्रमानं लिहिलं की झालं." मी मान डोलावली आणि ते गेल्यावर कागद घेऊन बसलो. जन्म टाकवे बुद्रुक, एवढं लिहिलं. शिक्षण लिहायला गेलो आणि एकट्यालाच हसू फुटलं. चौथीत दोनदा बसलेला माणूस तू! सातवी पास झालो तो मी. आणि तमिळ बोलायला शिकलास तू, लिहायला शिकलास तू, आणि तो सगळा मुलूख तुला आपल्या घरचा समजत राहिला. हे शिक्षण कुठल्या इयत्तेत धरायचं ते मास्तरांनीच ठरवावं. मी तो कागद ठेवून दिला. हा दुसरा घेतलाय तो तुझ्याशी बोलायला. शुद्ध लिहा म्हणून मास्तर बजावून गेलेत. जमेल तेवढं लिहितो.

तार आली त्याला आता महिना होत आला. लोणावळा स्टेशनातल्या बाबूनं वाचून दाखवली. मद्रासहून आहे म्हणाला, तापानं गेले म्हणाला, नाव म्हणाला 'थोंडिबा'. मी म्हटलं, "असा कोणी आमच्यात न्हाई." खरं सांगतो दादा, तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडला. परत निघालो, जिना उतरलो, आणि मग तुझं जुनं पत्र आठवलं. त्यांच्या लिपीत त, थ, द, ध या चौघांना मिळून एकच अक्षर, म्हणून धोंडिबाचा कधी तोंडिबा होतो कधी थोंडिबा, असं तू लिहिलं होतंस. तेव्हा मी आईला म्हटलं होतं, तोंडिबाच बरोबर आहे, तोंडावरच तर पोट भरतो. मी जिना परत चढलो आणि बाबूला म्हटलं, ती तार माझीच आहे.

रडणं नंतर. आधी एक काम आहे. सगळ्या जन्मात तू मला एकच गोष्ट मनापासून विचारलीस, दोनदा विचारलीस, आणि मी दोन्ही वेळा खोटं उत्तर दिलं. ते दुरुस्त करायचं राहून गेलं. त्यासाठी हा कागद. पण मध्ये थोडं भांडण होईल, तेवढं सोस.

तू गेलास तो दिवस मला काल झाल्यासारखा दिसतो. तळेगावात नाटकमंडळी उतरली होती, तिथून पुढं कर्नाटकात, मद्रास इलाख्यात निघाली होती, आणि तू पडदा ओढायला म्हणून त्यांच्यात शिरलास. तू विशीतला, मी अठराचा. आबांनी तुला मारलं नाही, शिवी दिली नाही, नुसतं बोलणं टाकलं. आठ दिवस घरात भिंतीशी बोलावं तसं चाललं होतं. थोरल्या पोरानं तोंडाला रंग फासायचा म्हणजे आबांना गावात मान खाली घालणं होतं. तरी जायच्या दिवशी त्यांनी स्वतः गाडी जुंपली. तुझी ट्रंक जड होती म्हणून, असं आई म्हणाली. वाटेत आबा तुझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. बोलले ते बैलांशी. उतार आला, गाडी लोटायला लागली की त्यांचं नेहमीचं, "दमानं रं लेकरा, दमानं." त्यांच्या आवाजात तो शब्द असा काही यायचा की बैल ऐकायचेच, पण मागं बसलेल्या माणसाचेही खांदे सैल पडायचे. त्या दिवशी मात्र तुझे पडले नाहीत.

तळेगावला आबा फलाटाबाहेर बैलगाडीपाशीच थांबले, मी त्यांच्या डाव्या हाताला. तू खिडकीतून अर्धा बाहेर येऊन बघत होतास. इंजिनानं शिट्टी दिली आणि तू गेलास.

मंडळी तंजावरात मोडली हे कळायला आम्हाला सहा महिने लागले. मालक गाशा गुंडाळून पळाला आणि तू तिथंच राहिलास. तिथल्या जुन्या मराठी घरांपैकी एकानं तुला ओसरीवर जागा दिली. तू लिहिलंस, 'यांचं मराठी ऐकून वाटतं, खापरपणजोबा जेवायला वाढतायत.' मग तिथल्या तमिळ नाटकात तू भालदार झालास, मग नावाडी, मग राजाचा म्हातारा सारथी. ओळी देवनागरीत वहीत उतरवून घ्यायच्या आणि नदीवर जाऊन घोकायच्या. तमिळमध्ये 'ळ' लई, असं तू लिहिलंस. एक आपला साधा, एक जीभ आणखी मागं वळवून म्हणायचा. उत्तरेकडून आलेले नट तिथं अडखळत आणि तू अडखळत नव्हतास. 'म्हादू, मावळात जन्मलो म्हणून ळ आला, आणि ळ आला म्हणून भात मिळाला.' हे पत्र मी अख्ख्या आळीला वाचून दाखवलं होतं. तुला ते कधी कळू दिलं नाही.

आबा गेले ते चौथ्या वर्षी. माझं पत्र तुझ्यामागं तीन गावं फिरून महिन्यानं पोचलं. तू मनिऑर्डर धाडलीस आणि कुपनावर फक्त 'आबा' एवढं लिहिलंस. पुढं काही सुचलं नसणार. माझा राग तिथूनच सुरू झाला समज. अग्नी द्यायला मी, खांदा द्यायला मी, शेत माझ्या गळ्यात, आईचं दुखणं माझ्या गळ्यात. तू तिकडं सारथी.

मग बोलपट आले आणि तू मद्रासला गेलास. तुला नायक कोणी केलं नाही. पण एक गाडीवान पाहिजे, एक दारवान पाहिजे, मुलीला सासरी सोडणारा म्हातारा गडी पाहिजे, असं झालं की तुला बोलावणं यायचं. तू लिहायचास, 'माझं काम दहा मिनिटांचं असतं, पण त्या दहा मिनिटांत कोणी चहाला उठत नाही.' बढाई मारतोस असं मला वाटायचं.

त्या काळात पुष्कळसे तमिळ बोलपट मुंबईत काढायचे, तसा तुझाही एक निघाला, आणि घाटातला भाग घ्यायला मंडळी लोणावळ्याला आली. मी तेव्हा स्टेशनाजवळ खोली घेऊन गाडी हाकत होतो, स्टेशनावरचं सामान खंडाळ्याच्या बंगल्यांना पोचवायचं. तुझं पत्र आलं, 'गाडीबैल पाहिजेत. आपलेच आण.' बारा-तेरा वर्षांनी तू समोर उभा! पोट सुटलेलं, मिशी लावलेली, डोक्याला त्यांच्या पद्धतीचा फेटा. मला मिठी मारलीस आणि म्हणालास, "तंबी!" मी मनात म्हटलं, आल्या आल्या तंबी कशाची देतोयस, मी काय केलं?

आणि ते शूटिंग! आठवतं ना? गाडीत ती नटी बसवलेली, तू पुढं कासरा धरून, आणि बैलांना तमिळमधून हाकायला लागलास. आरं, पाखऱ्याला तमिळ कुठलं येतंय! तो कान हलवून माझ्याकडं बघतोय, चांद्या शेपूट उडवतोय, गाडी जागची हलेना. हलली ती एकदम उताराला, आणि लोटत सुटली. नटी किंचाळली, कॅमेऱ्यापाशी धावपळ झाली, मी पळत निघालो. तेवढ्यात तू लिहून दिलेलं सगळं सोडलंस आणि छाती फोडून ओरडलास, "दमानं रं लेकरा, दमानं!" बैल असे थबकले की नटी तुझ्या पाठीवर आपटली. सगळी मंडळी हसून हसून खाली बसली. त्यांचा मालक टाळ्या पिटत आला, हेच ठेवायचं म्हणाला. तुझ्याकडून पुन्हा चार वेळा करून घेतलं. दर वेळी तू डोळे अधिक मोठे केलेस, मिशी अधिक उडवलीस, आणि दर वेळी ते अधिक हसले.

मी कासरा धरून बाजूला उभा होतो. माझ्या डोक्यात एकच, हा आबांचा शब्द आहे आणि यानं त्याचा तमाशा केला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली म्हणून आपण गाडीनं टाकव्याला गेलो. आईनं आंबेमोहोराचा भात केला होता. तू ताटावर वाकून नुसता वास घेत बसलास. तिकडं तीन वेळा भात असतो पण त्याला वास नसतो, म्हणालास. मग मला म्हणालास, "ए तंबी, पानी दे जरा." आई तुझ्यावर उसळली, "आता त्याला कशाची तंबी देतूस? जेवू दे की त्याला!" तू हसत सांगितलंस, "आगं आये, तंबी म्हंजी धाकटा भाऊ. तिकडं लाडानं म्हंत्यात." आई म्हणाली, "धाकट्याला तंबी? लय शानी मानसं हायेत म्हन की तिकडची." आपण तिघंही हसलो. तिघांनी एकत्र बसून हसायची ती शेवटची वेळ होती हे तेव्हा कुणाला ठाऊक.

परत येताना बैलांना सोडून आपण आंद्रा नदीच्या काठी बसलो. मी तोंड सोडलं. "आबांचा शब्द विकलास तू. चार मद्राशांना हसवायला. तुला त्या बोलीतलं काय कळतं? पोपट हायेस तू, पोपट." तू पाण्यात खडे टाकत राहिलास. मग हळूच म्हणालास, "म्हादू, एक सांग. त्या दिशी टेसनावर गाडी सुटली तवा आबांचं तोंड हललेलं मी बघितलं. काय म्हनले रं?"

मी म्हणालो, "काय न्हाई. बैलांना पानी पाजायचंय म्हनले."

तू म्हणालास, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी लोणावळ्याला गाडीत चढताना पुन्हा विचारलंस, "खरंच तेवढंच म्हनले?" मी म्हटलं, "खरंच."

बोलपट लागला आणि तुझं नाव झालं. किती झालं ते तू लिहायचास आणि मी वाचून घडी घालायचो. त्या लोकांना वाटलं दमानं हे बैलाचं नाव. त्यांच्याकडं पुरुषाचं नाव 'न'वर संपतं, म्हणून बैलाचा झाला दमानन. मग बैलाचं नाव तुलाच चिकटलं. मद्रासच्या रस्त्यात पोरं तुझ्यामागं दमानन, दमानन करत पळायची. पुढच्या जाहिरातीत तुझ्या नावाखाली तेच छापलं. मला वाचून आणखी संताप. शेवटी तू लिहिलंस, 'तंबी, हसण्याचं सोड. बोलपटाच्या शेवटी माझा एक प्रवेश आहे. त्यात मला बोलायला ओळच नव्हती, मी मागून घेतली. एकदा कुठं लागलं तर बघ. आणि आबांसारखं झालं का, एवढंच कळव.'

मी कार्ड टाकलं, बैल बरे आहेत, आई बरी आहे. बाकी कोरं.

मुंबईला एकदा लागला होता. मी गेलो नाही. आई गेल्यावर तू आलास, तेराव्यापर्यंत राहिलास, तेव्हाही तू विषय काढला नाहीस आणि मीही नाही. नंतर लढाई सुरू झाली. आणि मग ती तार.

आता तुला माहीत नाही ते सांगतो. लोणावळ्याच्या माळावर मद्रासी पलटण येऊन राहिलीये. भाजीचं कंत्राट घेतलेल्या शेठजीची पोती मी त्यांच्या तळावर पोचवतो. तुझ्या तारेला आठ दिवस झाले होते. तळाच्या फाटकातून आत उतार आहे, गाडी भरलेली, आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "दमानं रं लेकरा, दमानं." दादा, सगळा तळ उठून उभा राहिला! कोणी भांडी घासत होतं, कोणी दाढी करत होतं, सगळे टाळ्या वाजवत, "दमानन! दमानन!" एकजण तर मिशी उडवून दाखवायला लागला. मला वाटलं माझी टिंगल चाललीये. मी हात उगारणार, तेवढ्यात एक हवालदार पुढं आला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "बहुत अच्छा नकल करता, गाडीवाला. एकदम वैसा ही."

नक्कल! मी, आबांचा पोरगा, आबांच्या बैलांच्या वंशातल्या बैलांना आबांच्या शब्दानं हाकतोय, आणि मी तुझी नक्कल करतोय म्हणे! रागही येईना आणि हसूही येईना. मी म्हटलं, "वो मेरा भाई है." हवालदार म्हणाला, "झूट मत बोलो. वो हमारा मदुरा का आदमी." दुसरा म्हणाला, मदुरा नाही, तिरुनेलवेली, आमच्या मामाच्या गावचा. त्यांच्यातच जुंपली. तू कुणाच्या गावचा यावरून पलटणीत भांडण, आणि मी टाकव्याचा तुझा सख्खा भाऊ, माझं कोणी ऐकूनच घेईना. दादा, त्या फाटकात माझी छाती किती फुगली ते तुला कसं सांगू. पोपट म्हणालो होतो मी तुला. पोपटाला कोणी आपल्या मामाच्या गावचा म्हणत नाही.

खिशातली तार दाखवली तेव्हा त्यांचं भांडण थांबलं. तू गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. हवालदारानं टोपी काढली. म्हणाला, "शनिवार को आओ."

शनिवारी दिवेलागणीला त्यांनी दोन खांबांना चादर बांधली. बोलपट पुण्याच्या छावणीतून मागवून आणला होता, मुद्दाम तुझा. मला पुढं, साहेबाशेजारी खुर्ची दिली. मी, गाडीवान, साहेबाच्या शेजारी! भाषा एक अक्षर कळत नव्हती. पण तू आलास की कळायचं. तू लुंगीच्या सोग्यानं मान पुसलीस, ती आपल्या मळ्यात आबा पुसायचे तशी. पान खाताना एक डोळा बारीक केलास, तो आईचा. टाकवं सगळं त्या चादरीवर वावरत होतं आणि मद्रासी पोरं ते आपलंच म्हणून बघत होती. मग पाखऱ्या-चांद्या आले, घाट आला, "दमानं रं लेकरा" आलं, आणि शे-दोनशे माणूस हसून लोळलं. मीही हसलो. खरंच हसण्यासारखं होतं रे.

शेवटचा प्रवेश बंदराचा. त्या म्हाताऱ्या गाडीवानाचा मुलगा पोट भरायला समुद्रापार निघालाय. बाप त्याच्यावर रुसलेला, मुलगा निघाला तरी बोलत नाही. आगबोट सुटते. तू मागं, गर्दीच्या कडेला, गाडीपाशी उभा. आणि बोट हलल्यावर तू तिच्याकडं बघत, ओठातल्या ओठात, बोटीला म्हणावं की पोराला म्हणावं तसं म्हणालास, "दमानं रं लेकरा. दमानं."

कोणी हसलं नाही. माझ्या मागं कुणी तरी नाक ओढलं. त्या पोरांनाही थोड्या दिवसांत बोटीत बसायचं होतं.

दिवे लागल्यावर हवालदारानं विचारलं, "दमानन, वो बैल का नाम है ना?" मी म्हटलं, "नाम नहीं है. बाप बोलता है. संभाल के जाना, बेटा." त्यानं ते तमिळमध्ये सगळ्यांना सांगितलं. इतकी वर्षं तुझ्या नावानं हाका मारणाऱ्या माणसांना त्याचा अर्थ पहिल्यांदा कळला.

तर दादा, आता ऐक. मी खोटं बोललो. आबा त्या दिवशी बैलांना पाणी पाजायचंय असं म्हणाले नाहीत. बैल घरून पाणी पिऊन निघाले होते, तुलाही आठवत असेल. मी ते तुला दिलं नाही, कारण तू सगळंच घेऊन गेलास आणि आबांचं ते एवढंसं तरी माझ्याकडं राहावं असं मला वाटलं. मलाच ऐकू आलं होतं ना ते, मीच जवळ उभा होतो. तुला खिडकीतून नुसतं तोंड हललेलं दिसलं. तेवढ्यावरून तू अंदाज बांधलास, की तसं म्हणाले असतील अशी तुझी इच्छा होती, ते मला ठाऊक नाही. कसंही असो, तू न ऐकलेलं बरोबर बोललास. आबांनी गाडीकडं, तुझ्या गाडीकडं बघत म्हटलं होतं, "दमानं रं लेकरा. दमानं."

आबांसारखं झालं का, विचारलंस. कळवायला उशीर झाला. चादरीवर तू फेट्याच्या टोकानं डोळे पुसलेस. आबांनी पुसले नव्हते, तसेच वाहू दिले होते. फरक तेवढाच. बाकी दादा, तसंच झालं.

तुझा तंबी,
म्हादू